आई सहा महिने इथे, सहा महिने तिथे: गार्डियनशिपचा अर्ज कोणत्या राज्यात करायचा?

अमेरिकेत भावंडं दोन राज्यांत राहत असली की आईवडिलांची वाटणी बहुतेक घरांत एकाच पद्धतीनं होते: उन्हाळा एकाकडे, हिवाळा दुसऱ्याकडे. आमच्याकडेही तसंच होतं. मेपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आई माझ्याकडे न्यू जर्सीत, आणि थंडी पडली की दादाकडे कॅलिफोर्नियात. दोन्ही घरांत तिची गोळ्यांची डबी, दोन्ही घरांत देवापुढे तिची छोटी समई. बाबा गेल्यानंतर काही वर्षं हे सुरळीत चाललं. मग तिला डिमेन्शिया झाला, आणि एका फेब्रुवारीत ती पहाटे साडीवर स्वेटर घालून दादाच्या घरातून एकटीच बाहेर पडली. दोन तासांनी पोलिसांनी तिला घरी आणून सोडलं.

दादा हादरला. त्यानं आठवड्याभरात तिथल्या कोर्टात स्वतःला तिचा कॉन्झर्व्हेटर, म्हणजे तिच्या वतीनं निर्णय घेणारा पालक, नेमावं म्हणून अर्ज केला. मला कळलं ते पोस्टानं आलेल्या नोटिशीतून. मी इथल्या वकिलाकडे धावले आणि न्यू जर्सीत दुसरा अर्ज टाकला. दोघांच्याही मनात आईचं भलंच होतं. तरी पुढचे पाच महिने आमचे दोन वकील, कोर्टांनी आईसाठी नेमलेले आणखी दोन, असा कारभार चालला, आणि त्यातला बराच खर्च शेवटी आईच्याच पैशांतून झाला. एक गोष्ट आम्हाला कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती: आईचा सांभाळ कोणी करायचा हे कोर्ट नंतर बघतं. ती कोणत्या राज्याची, हे आधी ठरतं.

मी वकील नाही. राज्याराज्यांत तपशील बदलतात, त्यामुळे अर्ज वकिलाकडूनच करा. पण वकिलासमोर बसल्यावर काय विचारायचं आणि सोबत कोणते कागद न्यायचे, हे आधी ठाऊक असलं तर फार वेळ आणि पैसा वाचतो. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी शब्द ओळखून घ्या

सज्ञान माणसाला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत असं कोर्टाला पटलं, तर कोर्ट त्याच्यासाठी दुसऱ्या माणसाची नेमणूक करतं. राहणं, उपचार, रोजचा सांभाळ पाहणारा तो गार्डियन, आणि पैसाअडका, मालमत्ता पाहणारा तो कॉन्झर्व्हेटर, अशी विभागणी बऱ्याच राज्यांत आहे. कॅलिफोर्नियात मात्र सज्ञान माणसाच्या बाबतीत दोन्हींना कॉन्झर्व्हेटरच म्हणतात, आणि न्यू जर्सीत दोन्हींना गार्डियन. मी आणि दादा फोनवर पहिले दोन आठवडे वेगवेगळ्या शब्दांनी एकाच गोष्टीबद्दल बोलत होतो आणि समोरचा काहीतरी वेगळंच मागतोय असं दोघांनाही वाटत होतं.

कोर्टांची नावंही अशीच फसवी आहेत. पेनसिल्व्हेनियात हे काम ऑर्फन्स कोर्टात चालतं, म्हणजे शब्दशः अनाथांचं कोर्ट. नॉर्थ कॅरोलायनात त्यावर निर्णय देतो सुपीरियर कोर्टाचा क्लार्क; क्लार्क म्हणजे कारकून समजून त्याला हलक्यात घेऊ नका. न्यू जर्सीत कागद दाखल होतात काउंटीच्या सरोगेटकडे, म्हणजे मृत्युपत्रं, गार्डियनशिप असे कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे. नावावरून अंदाज बांधू नका, त्या काउंटीत सज्ञानांच्या गार्डियनशिपचे कागद नेमके कुठे दाखल होतात ते विचारा.

पायरी पहिली: गार्डियनशिप लागतेच का?

आईवडिलांना अजून समजतंय, सही कशावर करतोय हे कळतंय, तर ड्युरेबल पॉवर ऑफ अटर्नी (पैशांचे व्यवहार पाहण्याचा अधिकार विश्वासातल्या माणसाला देणारा कागद) आणि हेल्थ केअर प्रॉक्सी (उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे ते सांगणारा कागद; काही राज्यांत तिला अ‍ॅडव्हान्स डिरेक्टिव्ह म्हणतात) हे दोन कागद आजच करून घ्या. ते असतील तर बहुतेक कुटुंबांना कोर्टाची पायरी चढावीच लागत नाही. गार्डियनशिपमध्ये माणसाचे स्वतःचे हक्क काढून दुसऱ्याच्या हाती दिले जातात: कुठे राहायचं, पैसे कशावर खर्च करायचे, कधीकधी मत द्यायचं की नाही तेसुद्धा. आईनं आयुष्यभर घरखर्चाची वही स्वतः लिहिली. न्यायाधीशांनी तिला 'अक्षम' ठरवणारा परिच्छेद वाचून दाखवला तेव्हा ती माझ्याकडे बघून विचारत होती, "काय म्हणतायत गं ते?" हे टाळता येत असेल तर टाळा.

ऑटिझम किंवा बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल १८ वर्षांचं होतं तेव्हाही हाच प्रश्न येतो, कारण बहुतेक राज्यांत त्या वाढदिवशी आईबापांचा कायदेशीर अधिकार संपतो. तिथेही आधी हलके पर्याय बघा. पण ते पुरणार नसतील, आणि नोकरीमुळे राज्य बदलण्याची शक्यता असेल, तर पुढचं सगळं तुम्हालाही लागू आहे.

पायरी दुसरी: होम स्टेट मोजा

२००७ साली अमेरिकेतल्या युनिफॉर्म लॉ कमिशननं एक नमुना कायदा तयार केला: युनिफॉर्म अ‍ॅडल्ट गार्डियनशिप अँड प्रोटेक्टिव्ह प्रोसीडिंग्ज ज्युरिस्डिक्शन अ‍ॅक्ट. लांबलचक नाव सोडून द्या. आधी अडचण अशी होती की माणूस जिथे सापडला किंवा त्याची मालमत्ता जिथे होती, ते प्रत्येक राज्य 'हे प्रकरण आमचं' म्हणू शकायचं. म्हाताऱ्या माणसाला गाडीत घालून राज्याची हद्द ओलांडायची आणि तिकडे अर्ज टाकायचा, असे प्रकार इतके झाले की वकिलांनी त्याला 'ग्रॅनी स्नॅचिंग' असं नावच पाडलं. मुलांच्या ताब्याच्या खटल्यांसाठी असा आंतरराज्य कायदा आधीपासून होता. त्याच धर्तीवर हा सज्ञानांसाठी बेतला गेला. बहुतेक राज्यांनी तो थोड्याफार फरकानं स्वीकारला आहे. न्यू जर्सीनं २०१२ मध्ये, तर कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये तो मंजूर केला.

या कायद्याचा कणा म्हणजे होम स्टेट. अर्ज दाखल होण्याच्या लगेच आधी सलग किमान सहा महिने ती व्यक्ती ज्या राज्यात प्रत्यक्ष राहत होती, ते तिचं होम स्टेट. मध्ये तात्पुरती कुठे गेली असेल तर तो काळ धरूनच मोजायचा. असं राज्य सापडलं नाही, तर अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत जिथला सलग सहा महिन्यांचा मुक्काम संपला, ते होम स्टेट. अधिकाराचा पहिला मान होम स्टेटच्या कोर्टाचा.

हे वाचून डोकं गरगरतं, म्हणून आमच्याच तारखा घ्या. आई ५ मे ते १४ नोव्हेंबर न्यू जर्सीत होती. दादानं अर्ज केला २० फेब्रुवारीला. म्हणजे कॅलिफोर्नियात तिला जेमतेम तीन महिने झाले होते. ते होम स्टेट होऊच शकत नव्हतं. न्यू जर्सीतला तिचा मुक्काम सहा महिन्यांहून जास्त होता आणि तो संपून सहा महिने व्हायचे होते. दादाकडची थंडी 'तात्पुरती' धरा किंवा धरू नका, दोन्ही हिशोबांनी होम स्टेट न्यू जर्सीच निघालं. हेच दादानं मेच्या अखेरीस अर्ज केला असता आणि तोवर आई तिथेच असती, तर पारडं कॅलिफोर्नियाकडे झुकलं असतं. आणि ती ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच गेली असती, तर कोणता मुक्काम खरा आणि कोणता तात्पुरता, यावर दोन्ही वकिलांनी तासाच्या दरानं वाद घातला असता.

म्हणून पहिलं काम: एक मोठं कॅलेंडर घ्या आणि गेल्या दीड वर्षात आईवडील कुठल्या तारखेला कुठे होते ते भरा. मग प्रत्येक तारखेला पुरावा जोडा. विमानाची तिकिटं, डॉक्टरांच्या भेटी, फार्मसीच्या पावत्या, हॉस्पिटलची बिलं. आमच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी पडली ती अ‍ॅडल्ट डे केअरची हजेरीवही. आईला न्यायला रोज सकाळी त्यांची व्हॅन यायची, आणि तिथे गेल्यावर ती वहीत सही करायची, मराठीत. मे ते नोव्हेंबर, पानामागून पान, आधी ठसठशीत आणि शेवटी शेवटी ओळ सोडून घसरत गेलेली ती देवनागरी सही. वकिलानं त्या पानांच्या प्रती काढल्या तेव्हा मला रडू आवरेना, पण मुक्कामाचा त्याहून पक्का पुरावा नव्हता.

नागरिकत्व, ग्रीन कार्ड, मतदारयादी यांनी होम स्टेट ठरत नाही. शरीरानं माणूस कुठे होता, एवढंच पाहतात.

पायरी तिसरी: होम स्टेट नाही, किंवा तिथे अर्ज करणं सोयीचं नाही

मग दुसरा निकष येतो, 'घट्ट संबंध असलेलं राज्य'. कायद्यात त्याला सिग्निफिकंट कनेक्शन स्टेट म्हणतात. नुसतं तिथे असणं पुरत नाही. त्या राज्याशी नातं हवं आणि त्या माणसाबद्दलचा भरीव पुरावा तिथे मिळायला हवा. कोर्ट पाहतं: जवळचे नातलग कुठे आहेत, आजवर कुठे किती राहणं झालं, मालमत्ता कुठे आहे, राज्याचा टॅक्स रिटर्न कुठून भरला, गाडीचा परवाना कुठला, मतदार नोंदणी कुठली, मित्रमैत्रिणी कुठे आहेत, सरकारी किंवा इतर सेवा कुठून मिळतात. आईचं भजनी मंडळ इथलं, तिचे सोळा वर्षांचे डॉक्टर इथले, हे आमच्या वकिलानं याच सदरात मांडलं होतं.

आता एक मुद्दा अधोरेखित करून ठेवा, कारण भांडण नसलेल्या घरांना हाच सगळ्यात कामाचा आहे. होम स्टेट दुसरं असलं, तरी घट्ट संबंध असलेल्या राज्यात अर्ज करता येतो. अटी अशा: होम स्टेटमध्ये किंवा तशाच दुसऱ्या राज्यात अर्ज चालू नसावा, नेमणूक होईपर्यंत ज्यांना नोटीस द्यावी लागते त्यांपैकी कोणीही अधिकाराबद्दल हरकत घेऊ नये, आणि कोर्टाला आपण योग्य ठिकाण आहोत असं वाटावं. म्हणजे मी आणि दादा त्या फेब्रुवारीत एक तास शांतपणे बोललो असतो आणि मी हरकत घेतली नसती, तर आईचं प्रकरण कॅलिफोर्नियातही चाललं असतं. तो फोन आम्ही केला नाही.

अर्ज होम स्टेटच्या बाहेर करत असाल तर नोटीस कोणाला द्यायची याची यादी दुहेरी बघा. ज्या राज्यात अर्ज करताय तिथल्या कायद्याप्रमाणे तर द्यायचीच, शिवाय होम स्टेटमध्ये अर्ज झाला असता तर ज्यांना नोटीस गेली असती त्यांनाही द्यायची. एखादी मावशी, सावत्र भाऊ, भारतातली बहीण राहून गेली की तारीख पुढे जाते.

पायरी चौथी: प्रसंग तातडीचा असेल तर

समजा, आईला दादाकडे असताना स्ट्रोक आला, शस्त्रक्रियेला संमती द्यायला कायदेशीर अधिकार असलेलं कोणी नाही, तर होम स्टेट मोजत बसायला वेळ नसतो. त्यासाठी सोय आहे: माणूस जिथे प्रत्यक्ष आहे तिथलं कोर्ट तात्पुरता गार्डियन नेमू शकतं. नमुना कायद्यात त्याची मुदत ९० दिवसांपर्यंत आहे. राज्यं ती कमीजास्त करतात. या काळात खरा अर्ज योग्य राज्यात करायचा. होम स्टेटच्या कोर्टानं मागणी केली, तर हा तातडीचा अर्ज बंद करावा लागतो.

एक अडचण लक्षात ठेवा. हेल्थ केअर प्रॉक्सी ज्याच्या नावे आहे असं कोणी हजर असेल आणि निर्णय घ्यायला तयार असेल, तर कायद्याच्या व्याख्येत ती 'तातडी' बसतच नाही. पुन्हा पहिल्या पायरीवरचे ते दोन कागद.

मागे राहिलेलं घर किंवा तिथल्याच लॉकरमधले दागिने, अशी मालमत्ता ज्या राज्यात आहे तिथल्या कोर्टाला फक्त तेवढ्यापुरता आदेश देता येतो. त्यासाठी माणूस तिथे असावा लागत नाही.

पायरी पाचवी: दोन राज्यांत दोन अर्ज पडलेच, तर

आमच्यासारखं. तर घाबरू नका, आणि कोणाच्याही सल्ल्यानं आईवडिलांना इकडून तिकडे हलवू नका. कोर्टाला चुकीच्या वागण्यानं अधिकार मिळवला गेला असं दिसलं, तर ते प्रकरण ऐकायला नकार देऊ शकतं आणि समोरच्याचा खर्चही तुमच्यावर बसू शकतो.

दोन राज्यांचे न्यायाधीश एकमेकांशी थेट बोलू शकतात. या कायद्यानं ती वाट मोकळी केली आहे. त्या बोलण्याची नोंद ठेवावी लागते आणि पक्षकारांना भाग घेऊ द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. आमच्या प्रकरणात दोघा न्यायाधीशांचं फोनवर बोलणं झालं. होम स्टेट न्यू जर्सी आहे यावर त्यांचं एकमत झालं आणि दादाचा तिथला अर्ज बंद झाला. पाच महिन्यांची खदखद त्या एका फोनवर संपली.

होम स्टेटचं कोर्टही 'हे तिकडेच बरं' म्हणून हात मागे घेऊ शकतं. तेव्हा ते काय तोलतं हे माहीत असावं: त्या माणसाची स्वतःची इच्छा, छळ किंवा फसवणूक झाली असल्यास कोणतं राज्य त्याला नीट वाचवू शकेल, तो कोर्टापासून किती लांब राहतो, त्याच्या पैशांची स्थिती, पुरावा कुठे आहे, निकाल लवकर कुठे लागेल, आणि पुढे गार्डियनवर लक्ष कोण ठेवू शकेल. यात पहिल्या क्रमांकावर माणसाची इच्छा आहे. आईला विचारा. नेमकं उत्तर येणार नाही कदाचित, पण विचारा, आणि ती काय म्हणाली ते तारीख घालून लिहून ठेवा.

न्यू जर्सीत अर्ज करणाऱ्यांसाठी एक तपशील: दोन डॉक्टरांचे (किंवा एक डॉक्टर आणि एक सायकॉलॉजिस्ट यांचे) दाखले लागतात, आणि त्यांनी केलेली तपासणी अर्जाच्या आधीच्या ३० दिवसांतली असावी लागते. आई दुसऱ्या राज्यात असेल तर हे गणित आधी जुळवा, मगच बाकीचे कागद.

पायरी सहावी: कायमचं राज्य बदलताना ट्रान्सफर

दोन वर्षांनी माझी नोकरी आणि गुडघे, दोन्हींनी दगा दिला आणि आई कायमची दादाकडे जायचं ठरलं. तोवर आम्ही दोघंही तिचे सहगार्डियन होतो. मला वाटलं, न्यू जर्सीचा आदेश आहेच, तो घेऊन जायचं. तसं चालत नाही. एकदा नेमणूक झाली की ते प्रकरण संपेपर्यंत त्याच कोर्टाच्या ताब्यात राहतं. माणूस हलला म्हणून कोर्ट आपोआप बदलत नाही. ते रीतसर हलवावं लागतं.

ट्रान्सफरमध्ये आदेश दोन नसतात, चार असतात. जुनं राज्य तात्पुरता आदेश देतं, नवं राज्य तात्पुरता आदेश देतं, मग जुनं राज्य अंतिम आदेश देतं आणि शेवटी नवं राज्य अंतिम आदेश देतं. पुलावरून मुलाला पलीकडे देताना करतो तसं: तिकडच्या हातानं धरल्याशिवाय इकडच्या हातानं सोडायचं नाही. मध्ये एक दिवसही ती व्यक्ती गार्डियनविना राहू नये, म्हणून ही रचना आहे. हे समजल्यावर मला त्या संथपणाचा राग येईनासा झाला.

क्रम असा. जुन्या कोर्टात ट्रान्सफरचा अर्ज करा आणि गार्डियनशिपच्या वेळी ज्यांना नोटीस गेली होती त्यांना पुन्हा द्या. कोर्टाला तीन गोष्टी पटवायच्या असतात: ती व्यक्ती त्या राज्यात आहे किंवा तिकडे कायमची जाणार आहे, ट्रान्सफर तिच्या हिताविरुद्ध असल्याचं हरकत घेणाऱ्यानं सिद्ध केलेलं नाही, आणि तिकडे तिच्या सांभाळाची पुरेशी, समंजस योजना आहे. 'आम्ही बघू' इथे चालत नाही. दादानं दोन पानी योजना दिली होती: कोणती खोली, दिवसा कोण, कोणते डॉक्टर, कोणतं डे केअर, रात्री दाराला कसला अलार्म. पैशांचा कॉन्झर्व्हेटर असेल तर त्या राज्याशी आर्थिक संबंध आणि मालमत्तेची व्यवस्था दाखवावी लागते.

तात्पुरता आदेश मिळाला की त्याची सर्टिफाइड प्रत घेऊन नव्या राज्यात स्वीकाराचा अर्ज करा. नवं कोर्ट सहसा माणसाची अक्षमता पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायला लावत नाही. जुन्या कोर्टाचा तो निष्कर्ष मानतं. गार्डियन मात्र त्यांच्या राज्याच्या नियमांत बसायला हवा. त्यांचा तात्पुरता आदेश जुन्या कोर्टाला द्या, सोबत शेवटचा हिशोब आणि प्रकरण बंद करायला लागणारे बाकी कागद. मग अंतिम आदेशांची देवाणघेवाण. नमुना कायद्याप्रमाणे नवं कोर्ट अंतिम आदेशानंतर ९० दिवसांत त्यांच्या कायद्याशी जुळवण्यासाठी काही बदल लागतात का ते पाहतं.

प्रती एक-दोन नका घेऊ. मी पहिल्या वेळी दोनच घेतल्या, आणि एक बँकेनं ठेवून घेतली. पुढच्या खेपेला काउंटरवरच्या बाईंनी सहा प्रतींवर एकेक करून उठावाचा शिक्का मारला. बोट फिरवलं की लागणारा. नुसत्या झेरॉक्सवर तो उठाव नसतो, आणि कोर्ट नेमकं तेच तपासतं. शिवाय गार्डियनशिपची लेटर्स (नेमणूक झाल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र) जुनी झाली की बँका ती नाकारतात, म्हणून तारीख ताजी असू द्या.

पायरी सातवी: रजिस्ट्रेशन म्हणजे ट्रान्सफर नव्हे

समजा, आई न्यू जर्सीतच राहते, पण तिचं एक खातं कॅलिफोर्नियाच्या बँकेत आहे. तेवढ्यासाठी प्रकरण हलवायचं कारण नाही. नेमणूक करणाऱ्या कोर्टाला कळवून, आदेशाच्या आणि लेटर्सच्या सर्टिफाइड प्रती दुसऱ्या राज्याच्या योग्य काउंटीत दाखल केल्या, की आदेशातले अधिकार तिथेही वापरता येतात. त्या राज्याच्या कायद्यात जे चालत नाही तेवढं वगळून. कॅलिफोर्नियात मात्र हे रजिस्ट्रेशन ती व्यक्ती राज्याबाहेर राहते तोवरच कामाचं. आई तिथे राहायला गेली की ट्रान्सफरच करायला हवं.

भारत या हिशोबात कुठे बसतो?

हिवाळ्यात आई तीन महिने पुण्याला जाऊन आली, तर ती बहुधा तात्पुरती गैरहजेरीच. खरा पेच येतो आईवडील व्हिजिटर व्हिसावर आलेले असतात तेव्हा. समजा, कोणाचे बाबा दोन महिन्यांसाठी आले आणि इथे आजारी पडले, तर त्यांचं होम स्टेट अमेरिकेत नाहीच. कायदा म्हणतो की कोर्ट परदेशालाही राज्यासारखं मानू शकतं. म्हणजे 'यांचं होम स्टेट भारत' असं कोर्ट धरू शकतं आणि इथे कायमच्या नेमणुकीआधी तो प्रश्न उभा राहतो. तातडीची नेमणूक मात्र शक्य असते, कारण माणूस इथे प्रत्यक्ष आहे.

ही सवलत रजिस्ट्रेशनला लागू नाही. भारतातल्या कोर्टाचा किंवा नॅशनल ट्रस्ट कायद्याखालच्या (ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व वगैरेंसाठीचा भारतातला कायदा) जिल्हा समितीचा पालक नेमण्याचा आदेश इथे आणून नुसता दाखल करता येत नाही.

उलट बाजूही तशीच. पुण्याचा फ्लॅट विकायला न्यू जर्सीची लेटर्स घेऊन निबंधक कार्यालयात गेलात तर काम होणार नाही. ज्या देशांच्या कोर्टांचे हुकूम भारतात थेट अमलात आणता येतात त्यांत अमेरिका नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा कोमात गेलेल्या माणसासाठी पालक नेमण्याचा सरळ, सर्वसाधारण कायदाही भारतात नाही. लोकांना उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि मुंबई उच्च न्यायालयानं अशा नेमणुका केल्या आहेत. भारतातली मालमत्ता असेल तर त्यासाठी वेगळा वकील आणि वेगळा वेळ धरा.

कायदा न स्वीकारलेली राज्यं

टेक्सास, फ्लोरिडा आणि मिशिगन ही आपल्या लोकांची भरपूर वस्ती असलेली राज्यं बरीच वर्षं या कायद्याबाहेर राहिली. तिथे मार्गच नाही असं नव्हे. टेक्सासच्या इस्टेट्स कोडमध्ये आंतरराज्य गार्डियनशिपचं स्वतंत्र प्रकरण आहे. पण वरचे शब्द आणि मुदती तिथे जशाच्या तशा धरू नका. दोन राज्यांपैकी एक यांतलं असेल, तर दोन्हीकडच्या वकिलांना एकाच फोनवर घ्या. एक तासाची फी जाते, पण एकानं अर्ज केला आणि दुसऱ्यानं 'हे आमच्याकडे चालत नाही' म्हटलं, असं होत नाही.

राज्य बदलल्यावर

कोर्टाचा आदेश हलला म्हणजे बाकी सगळं हललं असं नाही. मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्ययोजना) राज्याराज्यांचं वेगळं असतं. जुन्या राज्यातलं बंद होऊन नव्यात नव्यानं अर्ज करावा लागतो. अपंग मुलांच्या वेव्हरच्या (घरी राहून सांभाळासाठी मेडिकेडकडून मिळणाऱ्या मदतीच्या) प्रतीक्षायादीत नव्या राज्यात पुन्हा शेवटून उभं राहावं लागतं, म्हणून नोकरीची ऑफर स्वीकारण्याआधी ती यादी किती लांब आहे ते विचारा. सोशल सिक्युरिटीचे पैसे हाताळायला गार्डियनशिप पुरत नाही. तो सरकारी विभाग स्वतःचा रिप्रेझेंटेटिव्ह पेई (त्या माणसाच्या वतीनं पैसे घेणारा प्रतिनिधी) वेगळा नेमतो, आणि पत्ता बदलल्याचं त्यांना स्वतंत्रपणे कळवावं लागतं.

गार्डियननं द्यायचा वार्षिक अहवालही राज्यागणिक वेगळा: फॉर्म वेगळा, तारीख वेगळी. नव्या कोर्टाचा अंतिम आदेश हातात पडला त्याच संध्याकाळी दादानं पहिल्या अहवालाची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली, आईच्या गोळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी.